वाचकांचे प्रश्न : नदीसाठी शिकायचे, तर आधी काय शिकायचे?

या महिन्यात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दिशेने जाणारी होती, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रात यायचे आहे, पण नेमके कोठून सुरुवात करावी हे कळत नाही, असे तिघेही लिहितात. मी स्वतः गेली चोवीस वर्षे सांगलीत राहून पाणी आणि सांडपाणी तपासणीचे काम करते आहे. त्यामुळे पहिल्या पत्राला उत्तर देताना माझा हात थोडा सैल सुटला आहे. वाचकांनी ते समजून घ्यावे.

प्रश्न : मी पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावात राहते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. २०१९ च्या महापुरात मी सातवीत होते. आमच्या घरात माळ्याला लागेल एवढे पाणी आले होते, आणि ब्रह्मनाळची बोट उलटली ती बातमी आम्ही नातेवाइकांच्या घरी ऐकली. तेव्हापासून नदीसंबंधी काही शिकावे असे मनात आहे. मला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. वडील म्हणतात, पर्यावरण हा पेपर पास होण्यापुरता असतो, त्यावर पोट भरत नाही. रसायनशास्त्रातच पुढे शीक, नाही तर बी.एड. कर. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे या विषयाची नोकरी म्हणजे बहुधा साखर कारखाना किंवा आसवनी, म्हणजे मळीपासून अल्कोहोल बनवणारा कारखाना. आमच्या घाटावर मेलेले मासे तरंगताना मी पाहिले आहेत. ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांच्याकडेच नोकरी करणे मला पटत नाही. मी काय करावे? — एक विद्यार्थिनी, पलूस तालुका

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि जे अर्धे बरोबर आहे ते आधी पाहू. महाविद्यालयात सर्व शाखांच्या मुलांना पर्यावरणाचा जो सक्तीचा पेपर असतो, त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर तो निर्देश दिला गेला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम तयार केला. हेतू फार चांगला होता. प्रत्यक्षात मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा आणि प्रकल्पाची वही मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवून काढायची, अशीच त्या पेपरची ओळख बहुतेक ठिकाणी झाली. तुमचे वडील त्या पेपरविषयी बोलत आहेत. पर्यावरणशास्त्र या नावाने जे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते, त्याच्याशी या पेपरचा संबंध नावापुरताच आहे.

तरीही त्यांचा दुसरा सल्ला, म्हणजे रसायनशास्त्र सोडू नकोस हा, मी मनापासून उचलून धरते. पर्यावरण हे कामाचे क्षेत्र आहे आणि त्यात काम करणारा माणूस कोणत्या तरी एका शास्त्रात पक्का असावा लागतो. कोणी पाण्याचे रसायन जाणतो, कोणी जिवाणू ओळखतो, कोणी नकाशा वाचतो, कोणी सांडपाण्याच्या टाक्यांची रचना करतो, तर कोणाला कायद्याची कलमे तोंडपाठ असतात. ज्याला यांपैकी काहीच नीट येत नाही, पण नदीविषयी कळवळा आहे, त्याची कामावर फार ओढाताण होते, हे मी अनेक होतकरू मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक स्वतःच्या हाताने करा. शेजारणीचा आकडा आपल्या जर्नलमध्ये लिहू नका. त्यानंतर एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात केली काय किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात केली काय, नदीकडे जाणारा रस्ता दोन्हींकडून आहे.

हे मी का म्हणते, ते एका चाचणीवरून सांगते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे हे मोजणे ही नदीच्या अभ्यासातील अगदी पहिली पायरी होय. त्यासाठी घासलेल्या काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली लागते. ती पाण्याखाली धरून, आतला शेवटचा बुडबुडा निघून गेल्यावर, पाण्यातच बूच लावायचे असते. मग काठावर बसूनच त्यात मँगेनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइडचे द्रावण पिपेटने सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी गाळ धुक्यासारखा खाली उतरू लागतो. मुळीच नसेल तर गाळ पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून गाळ विरघळवायचा, ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत रंग फिकट पिवळा होऊ द्यायचा, स्टार्चचे थेंब टाकून निळा रंग आणायचा आणि तो निळा रंग ज्या थेंबाला जातो तो थेंब नेमका पकडायचा. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी एका नाल्याच्या मुखाशी पाणी घ्यायला गेले होते. उतरायला चिखल फार, म्हणून बादलीत पाणी काढले आणि मगाने बाटली भरली. आकडा प्रतिलिटर पाच मिलिग्रॅमच्या पुढे आला आणि मी तो वहीत लिहिला. आमच्या मार्गदर्शक बाईंनी वही मिटली आणि एवढेच विचारले की त्या काळ्या पाण्यात हा प्राणवायू आला कोठून. तो माझ्या मगातून आला होता. पाणी ओतताना त्यात हवा मिसळली होती. दुसऱ्या दिवशी मी गुडघाभर चिखलात उतरून बाटली भरली, तेव्हा गाळ पांढरा राहिला. तो पांढरा गाळ मी आजही विसरलेले नाही. खोटा आकडा देण्याचा माझा हेतू नव्हता, पण त्या एका आकड्यावर नाल्याला निर्दोष ठरवून मी मोकळी झाले असते.

आता शिक्षणाच्या जागा. तुमच्यासाठी सर्वांत जवळचा पर्यावरणशास्त्र विभाग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे. किर्लोस्करवाडीहून रेल्वेने मिरजमार्गे कोल्हापूर गाठता येते, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातील शुल्क खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी असते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, तसेच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात एकदा स्वतः जाऊन या आणि तेथील दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचारा. नमुने घ्यायला ती स्वतः बाहेर जातात का, यंत्रांना ती स्वतः हात लावतात की काचेपलीकडून पाहतात, आणि त्यांचे प्रबंध कोणत्या गावाच्या, कोणत्या नदीच्या किंवा कोणत्या कारखान्याच्या प्रश्नावर आहेत. माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा या तीन उत्तरांवर माझा अधिक भरवसा आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर कोणती योजना लागू होते हे महाविद्यालयाच्या कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा, कारण दाखले गोळा करण्यातच अर्धे वर्ष जाते. अध्यापनात किंवा संशोधनात जायचे असेल तर पर्यावरणशास्त्र या विषयात नेट परीक्षा देता येते, हेही वडिलांना सांगा, बी.एड.चा त्यांचा आग्रह शिक्षकी पेशाच्या स्थैर्यासाठी असेल, तर त्या इच्छेला जागा मिळेल असा हाही एक मार्ग आहे.

नोकरीविषयी मी गोड बोलणार नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी आहेत, परंतु मंडळाची भरती दरवर्षी नियमाने निघत नाही, म्हणून केवळ तिच्या आशेवर वर्षे घालवू नयेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था, नगरपालिका-महापालिकांची सांडपाणी आणि घनकचऱ्याची कामे आणि कारखान्यांचे पर्यावरण विभाग येथे मुलांना प्रत्यक्षात काम मिळते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. दोन-तीन वर्षांत ज्याच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवू लागतात, त्याला मात्र कामाची वाण पडत नाही.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा प्रश्न शेवटचा आहे. घाटावर मेलेला मासा पाहिला की आपण विष शोधू लागतो, परंतु पुष्कळदा तो मासा गुदमरून मेलेला असतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार करताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी, निघतो. त्याचा रंग दाट काळपट तपकिरी असतो आणि त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवण्यासाठी जिवाणूंना प्रचंड प्राणवायू लागतो. नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी ही जैविक प्राणवायू मागणी प्रतिलिटर ३० मिलिग्रॅमपर्यंत असावी असे सर्वसाधारण मानक सांगते. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ती काही दहा हजारांत असते. म्हणूनच तो नदीत सोडायला परवानगीच नाही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळावा लागतो किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात, मिसळून त्याचे खत करावे लागते. नदीला धार कमी असताना असे काही पाण्यात मिसळले की जिवाणू प्राणवायू संपवतात आणि माशांना जगायला जो प्रतिलिटर चारेक मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, तोही उरत नाही. यात शहरांनाही हात झटकता येणार नाहीत. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेला मिळते, हे येथील शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

आता सांगा, हा स्पेंटवॉश कोठे जातो हे रात्रपाळीला कोण पाहते? कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, असलेला केमिस्टच ते पाहतो. रात्री दोन वाजता वायुवीजनाचा पंप बंद पडला तर तो लगेच दुरुस्त करून घ्यायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हे त्याच्या शब्दावर ठरते. त्या खुर्चीवर नदीची कळकळ असलेले माणूस बसू नये, असे तुम्हाला खरोखर वाटते का? मला तसे वाटत नाही. तुम्ही तेथे जावे असेच मी म्हणेन. मात्र जाताना एक गोष्ट मनाशी पक्की करा : जो आकडा तुम्ही स्वतः पाहिला नाही, त्याखाली सही करायची नाही. माझ्यावर एकदा तशी वेळ आली होती. एका ठिकाणी, वरिष्ठांनी आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यावर सही करण्यास मला सांगण्यात आले. मी नकार दिला आणि चार महिन्यांनी ती नोकरी सोडली. ते दिवस कठीण गेले, हे लपवत नाही. घरी कर्जाचे हप्ते चालू होते. पण त्याच धंद्यात, स्वतःच्या प्रयोगशाळेचा आकडा वाईट आला म्हणून गाळप थांबवण्याचा आग्रह धरणारे व्यवस्थापकही मला पुढे भेटले. सगळे कारखाने एका मापाने मोजू नका.

पुराविषयी थोडे. तुमचे मन त्या २०१९ च्या पाण्यात अडकले आहे, आणि पूर हा रसायनशास्त्राचा विषय नाही, हे लक्षात ठेवावे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी समजली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. हे का झाले याचे उत्तर पाणलोटातील पाऊस, धरणांतील विसर्गाची वेळ, नदीपात्राचा उतार आणि पूररेषेच्या आतील बांधकामे यांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब जलविज्ञान शिकलेला माणूस करतो. त्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. तो मिळवून वाचा. आपल्याकडे पुराची चर्चा कर्नाटकातील अलमट्टी धरणापासून सुरू होते आणि अलमट्टीपाशीच थांबते. अहवाल वाचणाऱ्याला निदान प्रश्न तरी नीट विचारता येतो. वाचून जर तुमचे मन पाण्याच्या गुणवत्तेपेक्षा पुराच्या हिशेबाकडेच ओढ घेऊ लागले, तर एम.एस्सी.चा विषय निवडण्यापूर्वी मला पुन्हा लिहा, कारण मग सल्ला बदलावा लागेल. त्यासाठी गणित आणि भूगोल या दोन्हींची तयारी हवी.

प्रश्न : मी माण तालुक्यातील आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून भूगोल हा माझा विशेष विषय आहे. आमच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर येतो. पर्यावरणाचे काम विज्ञान शाखेच्या मुलांचेच, असे सगळे सांगतात. मग मी या क्षेत्राचा नाद सोडावा का? — एक विद्यार्थी, दहिवडी परिसर

उत्तर : मुळीच सोडू नये. तुमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तुमच्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढे अंतर का, हे ज्याला समजावून सांगता येते तो भूगोलाचाच विद्यार्थी असतो. पाणलोट विकासाचे सारे काम उतार, माती, खडक आणि जमिनीचा वापर यांच्या नकाशावर उभे असते. तेव्हा क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणकप्रणाली या सुट्टीतच शिकायला घ्या आणि पहिला नकाशा आपल्या वाडीच्या ओढ्याचा करा. उपग्रहाच्या चित्रावर दिसणारा बांध प्रत्यक्षात फुटलेला आहे का, हे चालत जाऊन पाहा. नकाशा करणारे पुष्कळ भेटतील; नकाशा हातात घेऊन ओढा चढणारे फार थोडे असतात.

त्याबरोबर एक साधे काम लगेच सुरू करता येईल. वाडीतील पाच विहिरी निवडा आणि दर अमावास्येला कठड्यावरील एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहा. पाऊस किती झाला आणि शेजारी कोणते पीक आहे, हेही त्यासोबत टिपा. दोन वर्षांची अशी वही तुमच्याकडे असेल, तर पुढील शिक्षणाच्या मुलाखतीत वेगळे प्रमाणपत्र दाखवावे लागणार नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पर्यावरण, हवामानबदल आणि शाश्वतता या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दारे कला शाखेच्या पदवीधरांनाही उघडी आहेत. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षाच्या सूचनापत्रात पाहून घ्या.

तुमच्या शाखेला कमी लेखणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दाखवावी. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये श्रमदानाच्या बळावर वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळवले, हे तुम्हाला माहीत असेलच. पाणी अडवणे हे तेथील मोठे यश होते. परंतु अडवलेले पाणी कोणाचे, हा त्यापुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले, तेव्हा भूमिहीन कुटुंबांनाही पाण्याचा समान वाटा असावा, असे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले. एका बाजूला नवी बोअर घेतली की शेजारची विहीर आटते, आणि ऊस लावणाऱ्याच्या शेतात पाणी असताना वाडीत टँकर येतो. हे भांडण मिटवायला ज्याला माणसांशी बोलता येते, ग्रामसभेत उभे राहता येते आणि सात-बारा वाचता येतो, असा माणूस लागतो. ते शिक्षण तुम्ही घेतच आहात.

प्रश्न : मी कराडजवळ स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचे, म्हणजे पर्यावरण आणि समाज यांविषयी कंपन्या देतात त्या अहवालांचे, काम आता खूप वाढणार असे ऐकतो. त्यासाठी चाळीस हजार रुपयांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा का? — एक विद्यार्थी, कराड

उत्तर : आत्ता करू नये. काम वाढते आहे हे खरे आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडेही माहिती मागू लागल्या आहेत. आपल्याकडील लहान फौंड्र्यांपर्यंत ही मागणी पोचणारच. पण या अहवालाचा पाया वीजबिल, डिझेलची नोंदवही आणि पाण्याचे मीटर हाच असतो, आणि तेथे चुकलेला आकडा सुंदर छापलेल्या पानावर बरोबर होत नाही. शिवाय तुम्ही स्थापत्याचे आहात. सांडपाणी प्रक्रियेची रचना ही तुमच्या शाखेची हक्काची जागा आहे, आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आला आहे. चाळीस हजार रुपये बाजूला ठेवून त्याची तयारी केलेली मला अधिक बरी वाटते.

अहवालाचे काम आवडते का, हे पाहायचेच असेल तर ते फुकट पाहता येते. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून मागील बारा महिन्यांची वीजबिले मागून घ्या. ग्रिडमधील एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो, आणि जनरेटरच्या एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून वर्षाचा हिशेब मांडा. बिलांवर मीटरचे वाचन प्रत्यक्ष घेतलेले आहे की सरासरीने आकारलेले, हे प्रत्येक महिन्याला तपासा. जनरेटरच्या डिझेलची नोंदवही बहुधा शोधावी लागेल. ती ठेवलेलीच नसेल तर अंदाजाने आकडा भरू नका, तेवढी जागा रिकामी सोडा आणि ती का रिकामी आहे हे खाली लिहा.